खिडकीतला कंदील

मुळशीच्या आमच्या जुन्या घरात दिवा खोलीच्या मधोमध नाही. तो खिडकीला चिकटून, तुळईच्या टोकाला लोंबतो. सुट्टीला येणारे शहरातले पाहुणे मान वर करून तो बघतात आणि त्यांना लगेच शहाणपण सुचतं. एकजण म्हणाला, धूर बाहेर जावा म्हणून. एक बाई म्हणाल्या, वाटसरूला उजेड दिसावा म्हणून, किती मोठं मन होतं हो त्या माणसांचं! मोठं मन कसलं डोंबलाचं. तुळईला कंदिलाचा लोखंडी आकडा होता. वीज आली तेव्हा तारवाल्याला आयता आकडा मिळाला, त्याने तिथेच बल्ब टांगला आणि तो चहा पिऊन गेला. तो आकडा तिथे का होता, हे मला विचारा. विचारत नाही कुणी, म्हणून लिहिते.

आम्ही मेंढरंवाले. मी सात-आठ वर्षांची होते, तेव्हा खोऱ्यात धरणाचं काम चाललं होतं. त्याची वीज मुंबईला जाणार, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आमच्या घरात कंदील एकच. मेंढवाडा घराच्या भिंतीला लागून होता आणि त्या भिंतीला लाकडी गजांची बुटकी खिडकी होती. खिडकीतून उजेड वाड्यात पडला की वाघरू, म्हणजे बिबट्या, जवळ येत नाही अशी आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत. आसपासच्या प्रत्येक मेंढरंवाल्याच्या घरात आकडा खिडकीशीच असायचा. मेंढरं वाड्यात शिरली की घरच्या पुरुषाने कंदील टांगायचा आणि उजाडेपर्यंत बाईमाणसाने त्याला हात लावायचा नाही.

कंदिलाखाली बापाचं घोंगडं अंथरलेलं असे. तिथे बसून तो तंबाखू मळायचा, जेवायचा, आणि पाय ताणून झोपायचा. चूल पार दुसऱ्या टोकाला, अंधारात. आई तिथे भाकऱ्या थापायची. चुलीचा उजेड असतोच की, असं बाप म्हणायचा. तो उजेड तव्याखाली असतो, तव्यावर नसतो, हे त्याला आयुष्यात कळलं नाही, कारण तव्यापाशी तो कधी बसलाच नाही. आईच्या बोटांना कायम फोड. वर भाकरी करपली की बोलणी तिनेच खायची. ती रोज म्हणायची, कंदील घटकाभर चुलीकडे द्या, भाकऱ्या झाल्या की परत टांगा. तो रोज नाही म्हणायचा.

थंडीचे दिवस होते, अंधार लवकर पडला होता. आईने सरपणात हात घातला आणि ती किंचाळली.

“आवं, कायतरी चावलं. कंदील हिकडं आना, बघू द्या.”

बाप घोंगड्यावरून हलला नाही. “मेंढरं बुजतील. इंचूच असंल. कांदा चोळ.”

“इंचू का साप, त्ये तरी बघू द्या!”

“कंदील हालला की वाघरू आत शिरलंच समज. तुझ्या एका बोटापायी समदा कळप घालवू व्हय?”

मी रडत होते. त्या वेळी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा पुढे कुणाचाच आला नाही. आई उठली, हात छातीशी धरून सरळ त्याच्या घोंगड्यावर चढली आणि तिने कंदील काढला. बाप ओरडला, त्याने शिव्या दिल्या, पण जळता कंदील हिसकावणार कसा? तिने चुलीपाशी उजेड धरला. लाल विंचू होता. तिने तो चपलेने ठेचला, मनगटाला चिंधी बांधली आणि कंदील स्वतःच्या उशाशी घेऊन ती कण्हत पडली. त्या रात्री खिडकीत उजेड नव्हता.

उजाडताच बाप वाड्यात धावला. मी मागोमाग गेले. त्याने मेंढरं मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती. कोकरंसुद्धा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते उतरलं होतं. एखादं मेंढरू गेलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आईला जन्मभर ऐकवायला मिळालं असतं.

आई दारात उभी होती, हात कोपरापर्यंत सुजलेला. “समदी हायेत न्हवं?” तिने विचारलं.

“आज वाचली,” तो म्हणाला. “उद्या वाचतील कशावरून? सांजच्याला कंदील जाग्यावर पायजे.” आणि कळप घेऊन निघून गेला.

“जाग्यावर तर जाग्यावर,” आई म्हणाली.

बसवलेली चूल बाईने आपल्या मनाने हलवायची नसते, असं आमच्यात मानतात. तो दृष्टीआड झाल्यावर आईने डाव्या हाताने कुदळ उचलली आणि चूल फोडली. मी माती कालवून दिली. खिडकीखाली, बरोबर आकड्याच्या खाली, तिने नवी चूल घातली, सारवली, आणि बापाचं घोंगडं उचलून जुन्या चुलीच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं.

संध्याकाळी तो आला. कंदील हातात घेऊन चुलीकडे बघत उभा राहिला. दुसरीकडे टांगावा तर कालचं सगळं त्याचं बोलणं खोटं पडत होतं. त्याने मुकाट्याने तो आकड्याला अडकवला. आईने उजेडात भाकऱ्या भाजल्या, एकही करपली नाही. बापाने आपली भाकरी तिकडे कोपऱ्यात, कालवण चाचपडत खाल्ली. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.