बाभळीकडचा कोपरा

ज्येष्ठ संपत आला होता आणि मी आमच्या गावच्या तळ्यात उभा होतो. तळ्यात म्हणजे तळाशी. पाणी कधीच आटलं होतं, भेगांमध्ये चप्पल अडकत होती. तेवढ्यात पालमहून शैलाताईंचा फोन आला. "गुरुजी, बाबा गेले... आज सकाळी." पुढं त्या आणखी काही बोलल्या, ते माझ्या कानापर्यंत आलंच नाही. बाबा म्हणजे आमचे स्वामी सर, परभणीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांचा ना विद्यार्थी, ना सोयरा. पिंगळीच्या पुढच्या एका खेड्यातला प्राथमिक शाळेचा मास्तर, तोही आता घरी बसलेला. आम्हा दोघांना बांधून ठेवलं ते या तळ्यानं, आणि सर गेले त्या दिवशी त्यात थेंबभर पाणी नसावं याचा मला फार राग आला. कुणावर काढायचा, ते मात्र कळेना.

सर पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं होतं. पिशवीतून त्यांनी इनॅमलची एक पांढरी थाळी काढली. तिला मधोमध भोक पाडून दोरी ओवलेली, खाली वजनाला लोखंडी नट आणि दोरीला वितीवितीवर गाठी. थाळी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की थांबायचं आणि किती गाठी बुडाल्या ते वहीत लिहायचं. मग मैदा चाळायच्या कापडाची निमुळती पिशवी पाण्यातून ओढायची आणि तिच्या टोकाशी जे साठेल ते बाटलीत घ्यायचं. माझी बायको कमल तिथंच धुणं धूत होती. ती मला म्हणाली, "काय हरवलंय वो त्यांचं? कवाधरनं पाणी गाळायलेत." सरांनी ते ऐकलं. हसत आले आणि बाटली उन्हाकडे धरून तिला दाखवली. पाण्यात पांढुरके ठिपके उड्या मारत होते. "वहिनी, या पाणपिसवा. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ वाढतं, ते या खातात. यांना बारके मासे खातात, बारक्यांना मोठे. या गेल्या तर पाणी हिरवं झालंच म्हणून समजा." कमलला ते एकदम पटलं. मला पटायला दोन वर्षं लागली. दर पंधरा दिवसांनी रविवारी हा माणूस दोन एसट्या बदलून यायचा, पाच गाठी लिहायचा, आमच्याकडे भाकरी खायचा आणि परत जायचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा थाळी, पिशवी आणि वही माझ्या हवाली करून म्हणाले, "आता दर रविवारी जात जा, तळं तुमच्या दारातच आहे. आणि मला फोनवर सांगा."

मग एका उन्हाळ्यात गावानं तळ्यातला गाळ काढायचं ठरवलं. मशीन आलं, ट्रॅक्टरची रांग लागली, काळाशार गाळ ज्याच्या त्याच्या शेतात जाऊ लागला. सर भर उन्हात छत्री घेऊन आले. म्हणाले, सगळा गाळ काढू नका, बाभळीकडचा कोपरा राहू द्या. या पिसवांची अंडी गाळात पडून राहतात, तळं आटलं तरी मरत नाहीत, कित्येक वर्षांनी पाणी मिळालं तरी उठतात. ट्रॅक्टरवरचा एक जण म्हणाला, "सर, पिसवा राखायला आमी तळं खंदायलाव का?" सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या हसण्याला कारण होतं. माझं रान बाभळीकडेच आहे, त्या कोपऱ्यावर माझाच डोळा होता. सरांना ते माहीत असावं. ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर सोडतो." असं सोडल्यावर माणसाची पंचाईत होते. मी कुरकुरत का होईना, तो कोपरा राखला.

पण तळं भरलं आणि मी नवीन घोळ घातला. गावानं चिलापी मासा सोडायचा ठरवला, त्यात सगळ्यांत पुढं मी. सरांना विचारायचं सुचलंसुद्धा नाही. चिलापी पाहता पाहता वाढली आणि तिनं पिसवा खाऊन टाकल्या. रानातलं खत पावसाबरोबर तळ्यात येतंच होतं, उन्हाळे पहिल्यापेक्षा कडक झालेत हे आमच्या म्हशीही सांगतील... शेवाळाला खायला खत, वाढायला ऊन, आणि त्याला खाणारं कुणी उरलं नाही. दोन वर्षांत पाणी असं हिरवं झालं की म्हशी काठापर्यंत जाऊन तोंड फिरवायच्या. पाच गाठींच्या दोन झाल्या. सर एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत सरांनी अंथरूण धरलं. तरी रविवार चुकला नाही. "गुरुजी, किती गाठी?" मी सांगायचो, दोन. पुढच्या रविवारी, दोन. मग दीड. आवाज दर वेळी बारीक होत चाललेला. एका रविवारी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, चार." ते म्हणाले, "चार? मग बाटली घेऊन या."

बाटली घेऊन मी पालमला गेलो. शैलाताईंनी त्यांना खिडकीशी उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली. हिरव्या पाण्याशिवाय तीत काही नव्हतं. मी फरशीकडे पाहत बसलो.

"दीडच ना?"

"दीड."

"मला बरं वाटावं म्हणून बोललात, ते कळलं. वहीत काय लिहिलंय?"

वहीतही मी चारच लिहिलं होतं. त्यांनी ते माझ्याच हातानं खोडायला लावलं. जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या, पण स्वतःच्या आकड्यावर ओढायची ही पहिलीच वेळ. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. मग शैलाताईंना चहा टाकायला सांगून सर म्हणाले, "यंदा तळं आटेल. आटू द्या. चिलापी जाईल, गाळ राहील. कोपरा तेवढा सांभाळा. आणि पाणी नसेल तर शून्य लिहा, जागा रिकामी सोडू नका." ती आमची शेवटची भेट.

वैशाखात तळं आटलं, चिलापी संपली, आणि तिसऱ्याच दिवशी उरलेला गाळ न्यायला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मी भिडस्त माणूस, घसा खाकरत उभा. कमल मात्र पदर खोचून ट्रॅक्टरपुढं गेली. "सरांचा कोपरा हाय त्यो. हात लावायचा न्हाई." ट्रॅक्टर वळला. त्यानंतर महिनाभरानं तो फोन आला. सरांच्या समाजात मूठमाती देतात. मीही सगळ्यांबरोबर माती लोटली, संध्याकाळी घरी आलो आणि वहीत शून्य लिहिलं.

आषाढात तळं निम्मं भरलं. आधी नुसतं गढूळ, एक गाठ, मग दीड. माती हळूहळू खाली बसत गेली. परवाच्या रविवारी थाळी सोडली तर तिसरी गाठ बुडाली तरी ती दिसत होती. आणखी सोडली. मान तिरकी केली तर चौथ्या गाठीलाही काहीतरी पांढरं असल्यासारखं वाटलं... फार वाटलं. कमल काठावरून म्हणाली, "दिसायलीय का?" मी दोरी वर ओढली आणि तीन लिहिलं. मग पिशवी दोनदा ओढली, एकदा धुण्याच्या धक्क्याकडून, एकदा बाभळीकडून. घरी येऊन दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. धक्क्याकडच्या बाटलीत काही नव्हतं. बाभळीकडच्या बाटलीशी कमल चष्मा लावून बसली आणि काही वेळानं तिनं नुसतं बोट दाखवलं. सात-आठ ठिपके, उड्या मारत वर सरकत होते. माझे डोळे भरून आले. चष्मा मागून घेतला तरी मला काही नीट दिसेना.

रविवार होता. मी शैलाताईंना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनीही कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, किती गाठी?"

"तीन," मी म्हणालो. "बाटली घेऊन येतो."