मऊ जेवणाच्या तीन वाट्या

वस्तादांच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं मुख्य आचारी म्हणून काढलेली. रोज दोन्ही वेळची साडेतीनशे ताटं, आणि बाराचं जेवण कधी सव्वाबाराला गेलं नाही. सुरुवात केली होती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासण्यापासून. तिथून कांदे चिरणं, मग भात, मग शेगडी. कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला कुणी शिकवावं ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. पण खोटं कशाला बोलायचं, हाताला चव होती. डॉक्टरमंडळी स्वतःचे डबे झाकून ठेवायची आणि वस्तादांच्या भाजीसाठी रांगेत उभी राहायची.

आता त्यांच्या एका शोधाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

इस्पितळात रोज चाळीसेक जणांना मऊ जेवण लागतं. कुणाला दात नाहीत, कुणाचा घसा सोलवटलेला, कुणाची दाढ काढलेली. पूर्वी हे सगळं वेगवेगळं घोटायचं असे. भात वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी. तीन बायकांचा तासभर जाई. मग स्वयंपाकघरात मोठा मिक्सर आला आणि वस्तादांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं एकदम घालायचं, वर दोन तांबे पाणी, आणि फिरवायचं! दहा मिनिटांत चाळीस वाडगे तयार. कुणी नाक मुरडलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"पोटात जाऊन एकच होणार ना? मग आपण आधीच करून दिलं. बिघडलं कुठे?"

आणि चाखायचं म्हणाल, तर वस्ताद भात चाखत, डाळ चाखत, भाजी चाखत. चमचा तोंडात घातल्याशिवाय एक पातेलं खाली उतरू देत नसत. मग मिक्सरमधलं पुन्हा कशाला चाखायचं? सुटं सुटं चाखलंय की! असा तो हिशेब. मिक्सर चालवणाऱ्या बाईंना सगळे मिक्सरताई म्हणत. त्यांनी एकदा वाडग्यात डोकावून "रंग जरा गटारासारखा दिसतो हो, वस्ताद" असं म्हणून पाहिलं, आणि पुढचे दोन दिवस त्यांना नुसते कांदे सोलावे लागले.

तर त्या गुरुवारी पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टर स्वतः खाली उतरल्या. हातात भरलेला वाडगा.

"वस्ताद, नऊ नंबरचं जेवण पाचव्या दिवशी परत आलंय. टेलरकाका आहेत, सत्तरीचे. दाढ काढलेली जागा चिघळली, तोंड बोटभर उघडतंय. त्यात पाच दिवस पोटात धड काही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, सोमवारच्या फेरीपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालायची. म्हातारा माणूस, नळीचं नाव काढलं की पांघरूण तोंडावर ओढून घेतात हो. काहीतरी वेगळं करून द्या ना."

"वेगळं म्हणजे काय?" वस्तादांचा पारा चढला. "बाकीचे एकोणचाळीस खातात, त्यांना काही नाही. ह्यांचेच नखरे!"

"खातात कुठे? निम्मे परत येतात. तुम्ही वाडगे मोजता, आत उरलेलं कधी पाहता का?"

सिस्टर वाडगा ओट्यावर ठेवून निघून गेल्या. वस्तादांनी तो तसाच उचलून बादलीत रिकामा केला.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात, ते काही उगाच नाही. वस्तादांची स्वतःचीच उजवीकडची खालची अक्कलदाढ महिनाभर ठणकत होती. लवंग दाबून दाबून दिवस ढकलले होते. शुक्रवारी सकाळी गाल असा टरारून सुजला की इस्पितळातल्याच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तासभर खटपट करून दाढ बाहेर काढली. "पन्नाशीनंतर अक्कल काढून घेतली, आता चालवा कारभार," असं मिक्सरताई म्हणाल्या म्हणे. अर्थात वस्ताद ऐकायला नव्हते तेव्हा. रक्त लवकर थांबेना, म्हणून एक-दोन दिवस वॉर्डात ठेवायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी काय खायचं, काय नाही याचा छापील कागद हातात दिला. वस्तादांनी तो घडी करून खिशात घातला. खाण्यापिण्याचं, आणि ते आपल्याला कागदावरून कळणार?

खाट मिळाली दहा नंबरची. शेजारी नऊ नंबर.

टेलरकाका म्हणजे मूर्तीच लहानशी. गालाला पट्टी, डोळ्यांवर जाड चष्मा, गळ्यात सवयीने अडकवलेली मापाची फीत. बोलता येत नव्हतं, म्हणून कापड बेतायच्या खाकी कागदाचे तुकडे उशाशी ठेवून त्यांवर पेन्सिलीने लिहीत. त्यांनी वस्तादांकडे बघून मान हलवली. वस्तादांना ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी वस्तादांची बायको आली. नवऱ्याचा सुजलेला गाल बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घरून केळं आणि दूध घुसळून थंडगार आणलं होतं. तोंड उघडत नाही तर प्यायचं कसं, म्हणून वाटेत दुकानातून प्लॅस्टिकची नळीही घेतली होती. माउलीने सगळा विचार केला होता.

"हं, घ्या. हळूहळू ओढा."

वस्तादांच्या पोटात सकाळपासून कावळे ओरडत होते. त्यांनी नळी ओठांत धरली, तेवढ्यात खण्! खण्! खण्! टेलरकाका खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटत होते. डोळे विस्फारलेले, हात नको नको करत हलतोय. सगळा वॉर्ड बघायला लागला. बायको घाबरून उठली. काकांनी घाईघाईने कागदावर खरडलं आणि तो तिच्या हातात कोंबला. तिने मोठ्याने वाचलं.

"नळीने ओढू नका. जखमेवरची रक्ताची गाठ निघून येते, हाड उघडं पडतं. मी तिसऱ्या दिवशी ओढलं, म्हणून इथे आहे."

वस्तादांनी नळी अशी टाकली, जशी काही तीच त्यांना चावली होती. मग खिशातला कागद बाहेर आला. बायकोने चष्मा लावून वाचला. चौथीच ओळ! नळीने काही पिऊ नये. पुढे गरम नको, तिखट नको, कुरकुरीत नको, बिया असलेलं नको, चूळ जोरात भरू नये.

"अहो, हा कागद खिशात ठेवून तुम्ही त्याची काय पूजा करणार होतात का?" ती म्हणाली. एरवी वस्तादांनी उलट उत्तर दिलं असतं. पण सुजलेल्या तोंडातून शब्द धड फुटत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

काकांनी मग दुसरा कागद लिहिला. लहान चमचा, डाव्या बाजूने, डोकं जरा मागे, गिळताना घाई नको. आणि स्वतः हातात रिकामा चमचा घेऊन करून दाखवलं. केळ्याचं दूध चमच्याचमच्याने पोटात गेलं. बायकोने दोन्ही हात जोडले. "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" काकांनी नुसता हात हलवला. ज्या माणसाला आपल्या हातचं जेवण इतके दिवस गिळता आलं नव्हतं, त्यानेच आपल्याला वाचवलं, हे वस्तादांच्या मनात आलं आणि त्यांना कुठे बघावं कळेना.

शनिवारी दुपारी जेवण आलं. नऊ नंबरला वाडगा, दहा नंबरला वाडगा. वस्तादांनी झाकण काढलं.

आता सांगतो, आजवर त्यांनी तो वाडगा अनेकदा पाहिला होता, पण वरून, उभं राहून. मांडीवर घेऊन कधी पाहिला नव्हता. मातकट रंग. वर पाणी सुटलेलं. त्यांनी नियमाप्रमाणे लहान चमचा भरला, डावीकडून जिभेवर ठेवला. भात नाही, डाळ नाही, भोपळा नाही. सगळ्यांचं मिळून काहीच नाही! भूक होती, पोट मागत होतं, पण जीभ पुढे ढकलेना. दुसरा चमचा हातातच राहिला. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून काय वीट खायची असते?

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. शेजारी काकांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, बराच वेळ प्रयत्न केला आणि वाडगा बाजूला सरकवला. तक्रार नाही, आदळआपट नाही. उलट वाडगा उचलायला आलेल्या बाईंना त्यांनी हात जोडले, जसं काही अन्न टाकल्याची माफीच मागत होते.

वस्तादांनी काकांच्या उशाचा एक कागद मागून घेतला आणि लिहिलं, "हे मीच बनवतो."

काकांनी वाचलं. चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. वस्तादांना वाटलं, आता हा माणूस तोंड फिरवणार. काकांनी लिहिलं, "चाळीस जणांचं करता. सोपं नाही."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते नंतर बायकोला म्हणाले. त्यांनी पुन्हा लिहिलं, "काय खावंसं वाटतं?"

काकांनी कागदाचा नवा तुकडा मांडीवर सपाट केला. मग लिहिलं, "पिवळं दिसलं की भोपळा कळावा. पांढरं दिसलं की बटाटा. शिलाईत सगळे रंग एकत्र शिवले की गोधडी होते, सदरा होत नाही."

रविवारी सकाळी सुट्टी मिळाली. घरी जायचं सोडून वस्ताद सरळ खाली स्वयंपाकघरात. गाल फुगलेला, तोंडातून शब्द अर्धेच बाहेर पडतायत. मिक्सरताई मिक्सरमध्ये सगळं ओतायच्या बेतात होत्या. वस्तादांनी बटणावरच हात ठेवला.

"वेग... वेगवेगळं."

"काय?"

"सगळं वेगवेगळं घोटायचं. पूर्वीसारखं."

"पण वस्ताद, तासभर जाईल! तुम्हीच तर..."

"मी चुकलो," वस्ताद म्हणाले. स्वयंपाकघरात पातेली पडली तरी कुणी वळून बघत नसे, पण ह्या दोन शब्दांना सगळे वळले. "आणि ताई, रंगाचं तुमचं बरोबर होतं."

मिक्सरताईंनी पदराने डोळे टिपले. कांद्याने आलं म्हणाल्या. त्या दिवशी कांदे दुसरंच कुणी चिरत होतं, पण असो.

बटाटे अगदी गळेपर्यंत शिजवले, गरम असतानाच लोण्यात फेटले आणि मग निवत ठेवले. भोपळा गाळणीतून काढला, एक रेषा राहिली नाही. तिसऱ्या वाटीत अंडं दुधात मंद आचेवर ढवळून मलईसारखं. सगळं कोमट, गरम नाही. प्रत्येक वाटी त्यांनी शेवटी स्वतः खाल्ली, लहान चमच्याने, डाव्या बाजूने. आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही तसंच, वेगळं वेगळं. ताटं बाराऐवजी साडेबाराला गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा उशीर झाला, आणि वस्तादांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीन वाट्या घेऊन ते स्वतः वर गेले. काकांनी तिन्ही वाट्यांकडे एकेक करून पाहिलं. पिवळ्यावर बोट ठेवून मान हलवली. एक चमचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. भोपळा अर्धा संपला, बटाटा दोन चमचे, अंड्याला हात लागला नाही. सिस्टर म्हणाल्या, "सुरुवात झाली, पण एवढ्याने नाकातली नळी टळेल असं सांगता येत नाही." रात्रीचं ताट लावून वस्ताद घरी गेले, पण मन वर नऊ नंबरपाशीच.

सोमवारी डॉक्टरांची फेरी दहाला. वस्ताद पहाटेच कामावर आले. सातला न्याहारी पाठवली, तिन्ही वाट्या नव्या. आठ वाजून गेले. साडेआठला वरची भांडी खाली आली. मिक्सरताई नऊ नंबरचं ताट शोधून धावतच ओट्यापाशी आल्या. तिन्ही वाट्या पुसल्यासारख्या स्वच्छ. आणि वाटीखाली खाकी कागदाचा तुकडा, पेन्सिलीने लिहिलेला.

"भोपळ्यात मीठ कमी आहे."

वस्तादांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मऊ जेवणाला कुणी आजवर बरंवाईट काहीही म्हटलं नव्हतं. चव सांगण्याइतकं कुणी खाल्लंच नव्हतं.

"वस्ताद, वाईट वाटून घेऊ नका," मिक्सरताई हळूच म्हणाल्या. "आजारी माणूस आहे, बोलतो."

"वाईट?" वस्तादांनी डोळे बाहीला पुसले. "अहो, देव पावला मला!"

त्यांनी मिठाची लहान बरणी खिशात टाकली, भोपळ्याची आणखी एक वाटी भरली आणि डॉक्टर पोहोचायच्या आत जिना चढायला लागले.