व्हिसावर लिहिलेला हेल्पर

मंडळी, आज दुपारी आमच्या साइटवरच्या गणपतदादांना मंदीच्या नावाखाली कामावरून काढलं.

भारतातून सुटा करून आणलेला इंग्रजांच्या काळातला एक लाकडी बंगला आम्ही यूएईतल्या उम्म अल कुवैनला पुन्हा उभारतोय. लाकडी चौकटींत माती आणि काथ्याचा भराव. पहिल्या दोन भिंती तडकल्या. तज्ज्ञ अहवाल लिहीत बसले.

राजापूरचे गणपतदादा हसून म्हणाले, "साहेब, आंबोळीचं पीठ तरी रात्रभर आंबवता ना? मग मातीला आठ दिवस द्या की." हौदात माती भिजत ठेवून तेवढे दिले. पुढची एकही भिंत तडकली नाही.

कपातीच्या यादीत हेल्पर सगळ्यात वर होते. मी मॅनेजरशी भांडलो, हा कारागीर आहे म्हणालो. त्याने दादांचा व्हिसाचा अर्ज पुढे सरकवला. "हबीबी, इथे हेल्पर लिहिलंय."

दादांना इथे आणताना तो शब्द मीच भरला होता. तुम्हाला काय काय येतं, हे दादांना तेव्हा विचारलंही नव्हतं. आणि श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी मंचावरून तास तास बोलतो.

निघताना दादा म्हणाले, "हौदातली माती परवा तयार होईल. तोवर सुकू देऊ नका."

मी मान हलवली. ती भिंतीला लावणार कोण?

तुम्ही भरलेल्या अर्जांवर असे किती हेल्पर आहेत?