मेट्रनबाईंचा वॉर्ड

छावणीतल्या ख्रिस्ती कब्रस्तानातल्या थडग्यांना मेट्रनबाई खाटा म्हणत. "मधल्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खाटेला ओल आलीय, गवंडी बोलवाय पाहिजे," असं त्या सकाळी चहा गाळताना म्हणाल्या की नवख्या माणसाला वाटे, बाई अजून दवाखान्यातच कामाला आहेत. खरं तर निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला औरंगाबादेत आले आणि त्यांची पुढची खोली भाड्यानं घेतली, तेव्हाची ही गोष्ट.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर साहेबलोकांपैकी कोणी मागं राहिलं नव्हतं. त्यांच्या कबरींची विचारपूस करणारंही कोणी उरलं नाही. कब्रस्तानातली बाग मात्र त्यांनी हौसेनं आखली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना सुरूची झाडं, कडेला मेंदीचं कुंपण, पंख मिटून बसलेले संगमरवरी देवदूत, काळ्या दगडात कोरलेल्या गुलाबाच्या फांद्या. बाई तो संगमरवर रिठ्याच्या पाण्यानं धूत. कोणी डागडुजीला सिमेंटचं घमेलं घेऊन आला की त्याला फाटकातूनच परत पाठवत. "जुन्या चुन्याला हे सोसत नाय बाबा."

मला त्या म्हणाल्या, "तू चित्रं काढतीस ना? मग यांचे चेहरे काढून ठेव. नाकं झिजाय लागलीत." रविवारी चर्च सुटलं की आम्ही जायचो. मी रेखाटत बसे, त्या माझ्यावर छत्री धरत. निघताना मात्र त्या एकट्याच मागच्या भिंतीशी जात. तिथं लिंबाखाली नुसतं गवत होतं. दम खायला थांबतात, असं मला वाटे.

पुढं मागचा रस्ता रुंद करायचं ठरलं. भिंतीलगतची पट्टी जाणार होती आणि तिच्यात कितीतरी कोरीव दगड होते. आम्ही माझी चित्रं घेऊन इंजिनिअरसाहेबांकडे गेलो. ते भले गृहस्थ. त्यांनी एकेक चित्र उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळे दगड आत हलवू. बाकी तिथं कोणी नाही ना?"

"माझी लेक हाय," बाई म्हणाल्या.

मला लिंबाखालचं गवत आठवलं.

"बाप्तिस्म्याआधीच गेली. तवाच्या पाद्रीसाहेबांनी भिंतीकडं जागा दिली, दगड लावू दिला नाय."

साहेब खुर्चीतून उठले. "बाई, तिलाही आत आणू."

"काय आणणार साहेब? एका दिवसाचं लेकरू. मातीच झाली असंल. उकरू नका तिला."

दगड हलवायच्या दिवशी बाई पांढरी साडी नेसून उभ्या होत्या. मजुरांनी पहार लावली की ओरडत, "आधी डोकं धरा! पाठ वाकू देऊ नका!" एकाही देवदूताचा पंख दुखावला नाही. मग मजूर कुऱ्हाडी घेऊन लिंबाकडे वळले. बाईंनी तिकडे पाठ केली आणि एका दगडाच्या खाचेतली माती पदराच्या टोकानं काढत बसल्या.

"नाव ठेवलं व्हतं मी," त्या एकदम म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाय."

मी शेजारी बसून पुढची खाच साफ करायला घेतली.

रस्ता झाला. चर्चला जायला तोच जवळचा. पण पाय सुजलेले असतानाही बाई बाजारावरून वळसा घालून जात.

त्या गेल्या तेव्हा ऐन उन्हाळा होता. चर्चमधून पेटी निघाली आणि खांदेकरी नव्या रस्त्याकडे वळले. मी पुढं होऊन त्यांना बाजाराकडे वळायला सांगितलं.

"ताई, एवढ्या उन्हात लांबून कशाला?" एकजण म्हणाला.

"बाई त्या रस्त्यावर पाय ठेवत नसत."

त्यानं खांदा बदलला. पेटी बाजाराकडे वळली.