चिमणीच्या गाण्यातला श्वास

आमच्या वन्सं गाणं जितकं पारखून ऐकतात, तितकी मी भाजीसुद्धा पारखत नाही. हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी गालावर, मग अदलाबदल. "एकाच बाईला दोनदा गायला लावलंय. दोन्ही 'त' एकदम पडत नाहीत, बघ." नाहीतर, "पहिलं धृपद उचलून शेवटी चिकटवलंय. तेच खाकरणं दोन्हीकडे." जन्मभर शिकवण्या केल्या, स्वतःचं गाणं मात्र एकही निघालं नाही. तो राग जिभेवर कायमचा मुक्कामाला.

परवा त्यांची जुनी शिष्या आली. चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. भांडून शिकवणी सोडली, त्यानंतर पहिल्यांदाच उंबऱ्यात.

"बाई, माझं पहिलं गाणं शुक्रवारी बाहेर पडतंय. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

"वाट चुकलीस वाटतं," वन्सं म्हणाल्या आणि हेडफोन लावला. चिमणी चहाला हात न लावता त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

"घुमतंय ते मशीनचं, खोलीचं नाही. श्वास सगळे कापलेस. माणूस आहेस की भोंगा?"

"हल्ली कापतातच, बाई."

वरच्या सुरातली ओळ आली आणि वन्संनी गाणं थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन माझ्या कानाला लावला. चिमणीच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, अगदी दबलेला. त्याच्या आधी नाकातून ओढलेला बारीक, शिट्टीसारखा श्वास. ती शिट्टी या घरात रोज सकाळी ऐकू येते.

"स्वतःचे श्वास कापलेस," वन्सं म्हणाल्या, "माझा कापायला विसरलीस."

चिमणी पांढरी पडली, पण नजर खाली गेली नाही. "तुम्ही शिकवताना फोनवर घेतलं होतं."

"विचारलंस?"

"विचारलं असतं तर दिला असतात?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं. आणि तुम्हाला ओळखू आलं नसतं, तर कोणालाच आलं नसतं. ते बघायलाच आले होते."

मी कपबशा उचलायचं निमित्त केलं, पण हलले नाही. वन्संनी तीच ओळ आणखी एकदा लावली. या वेळी त्यांचा चेहरा खरा उतरला.

"चढायच्या आधी मी सूर जरा खाली वाकवते. ते कुठे गेलं?"

"मशीनवर सरळ करून घेतलं. वाकलं की आम्हाला ओरडायचात ना तुम्ही?"

"आवाज चोरलास तो चोरलास, वर दुरुस्त केलास," वन्सं शांतपणे म्हणाल्या. त्यांचं ओरडणं परवडतं, हे नाही. "काढ तो."

"काढला तर वरची ओळ उघडी पडते, बाई. माझा आवाज तिथे पुरत नाही."

"ठाऊक आहे. मीच शिकवलंय तुला."

"आणि नाही काढला तर?"

"तर पुढच्या गाण्यालाही माझाच लागेल. मी काही जन्माला पुरणार नाही तुला."

चिमणीने फोन पर्समध्ये कोंबला आणि नमस्कार न करता गेली. दाराचा आवाज शेजारी ऐकू गेला असेल.

शुक्रवारी गाणं आलं. वन्संनी एका कानाने ऐकलं, मग दुसऱ्याने. वरच्या ओळीला आवाज काठावर लटपटला, खाली आधाराला कोणी नव्हतं.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"वाईट," वन्सं म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.