गॅसवर शेकलेली हलगी

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते. "नव्या गाण्याचं शेवटचं कडवं उद्या पाठवतो अक्का," असं कोल्हापुरी पोरींच्या रीतीनं म्हणाली होती, आणि मग पत्ताच नाही. सकाळी मोबाइलवर तिचं नाव दिसलं आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, "काय गं बये, गाणार हाईस का..." पलीकडे तिचा भाऊ होता. "अक्का, ताई गेली. ताप डोक्यात गेलता." ते अर्धवट वाक्य अजून माझ्या तोंडात अडकून बसलंय.

मी गडहिंग्लजची, घरात निम्मं कानडी, म्हणून जगाची अक्का. सुजाता नेसरीची. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी. लोकगीताचा ठेका आणि त्यावर माझी गिटार. आमचा स्टुडिओ म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीतलं माझं भाड्याचं स्वयंपाकघर. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला वाकळ टांगलेली, ओट्यावर लॅपटॉप, माइक पिठाच्या डब्याला बांधलेला. गाणी आम्ही मोबाइलवर टाकायचो आणि ती लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत वाजायची. मग एक दिवस ती इचलकरंजीहून हलगी घेऊन आली. हलगीचं कातडं गारव्यानं सैल पडतं, शेकल्याशिवाय बोलत नाही. तिनं सरळ गॅस पेटवला आणि पापड भाजावा तशी हलगी आचेवर फिरवली. मी ओरडले, "घर पेटवतीस काय!" ती हसली. "आता बघ, कशी कडाडती." अशी कडाडली की खालचे घरमालक धावत वर आले.

खरी अडचण मात्र नेसरीत होती. तिचे वडील, आबा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातली हलगी विहिरीत टाकली होती. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की दुसऱ्याच्या दारात वाजवत उभं राहायचं आणि शिळा तुकडा घेऊन परतायचं... ते त्या दिवशी संपलं. त्या घराचा तो सगळ्यात मोठा अभिमान. एका रविवारी आबा माझ्या स्वयंपाकघरात आले, खुंटीवरची हलगी बघितली आणि पाणीही न पिता म्हणाले, "माज्या बापानं हिरीत टाकलेलं तू वर काढतीस?"

"त्यांनी सक्ती टाकली, आबा. मी वाद्य घेतलंय."

"आणि बघणाऱ्याला काय दिसणार? वाद्य का जात?"

हलगीवाल्याला दारात उभं करून हलगी ऐकणाऱ्यांत माझ्याच घरातली माणसं होती. आबा गेल्यावर सुजाता वाकळेशी बसून लिहीत राहिली: 'हलगी माजी, दारबी माजं, वाजवीन मी वाटंल तवा.'

हे गाणं तिला आधी आबांना ऐकवायचं होतं. शहरात नव्या पोरापोरींच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. तिनं विनवण्या करून आबांना आणलं, पुढच्या रांगेत बसवलं. आणि ऐन वेळी हॉलच्या एसीनं हलगी सैल पडली! तिचं नाव पुकारलं आणि ही बया बाहेर चहाच्या गाड्यावर हलगी शेकत उभी. मी स्टेजवर एकटी, उगीच तारा लावत. लोक चुळबुळायला लागले. आबांचा चेहरा दगडासारखा. शेवटी ती धापा टाकत आली आणि पहिलाच ठोका असा पडला की हॉल शांत झाला.

आबा उठले. सगळ्यांदेखत मधल्या वाटेनं दरवाज्याकडे चालत गेले. तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. पुढे कितीतरी दिवस तिचा एकच प्रश्न होता, "अक्का, आबा दारात थांबलंतं का गेलं?" दिव्यांच्या उजेडात मला काहीच दिसलं नव्हतं. आबांनाच विचार म्हटलं की म्हणायची, "आणि न्हाय म्हणालं तर?" मग ताप आला, आणि मला कळलंसुद्धा नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी आबा आले. खुंटीवरची हलगी काढली. ही आता कुठल्या विहिरीत जाणार? त्यांनी गॅस पेटवला. हलगी आचेवर धरून सावकाश फिरवली, अंगठ्यानं कातडं दाबून पाहिलं, पुन्हा फिरवली. "चुलता माज्या बापाला चोरून शेकायचा. मी बगायचो," म्हणाले. मग बोटांनी एकच थाप दिली आणि कडाडलेल्या त्या आवाजानं स्वतःच दचकले.

"दाराभायेर हुतो, बाई. शेवटपातूर."

"तिला सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही. आणि मग हा इतका ताठ माणूस माझ्या ओट्याला धरून लहान मुलासारखा रडला.

जाताना हलगी त्यांनी पुन्हा खुंटीला अडकवली. मी न्या म्हटलं तर म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ दे. पर गार पडू देऊ नगासा."

आता सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी मी हलगी शेकते. एक थाप मारते. घरमालक अजून वर येतात. दारात थांबतात, ऐकतात आणि खाली जातात.