मामांची घरातली फरदड

फोन सकाळीच आला. "बाबा गेले," मामेभाऊ म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कसे?" आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवणारा माणूस गेला, की हाच प्रश्न आधी येतो... "झोपेत. पिठलं-भाकर खाल्ली अन् झोपले, ते उठलेच नाही." रडू नंतर आलं. आधी जीव भांड्यात पडला, आणि तसं म्हणायला मला लाज वाटत नाही.

बोंडअळीनं सगळा कापूस खाल्ला त्या वर्षी मामा बोलेनासेच झाले होते. संक्रांतीनंतर मी राळेगावकडे त्यांच्या घरी गेले, तर मामी त्यांना घडीभर एकटं सोडत नव्हती. दळण आणायला निघाली तीही मला त्यांच्यापाशी बसवून. ओसरीत शेजारी राहणाऱ्या, दवाखान्यातल्या सिस्टरनी नाताळाला दिलेली कुंडी होती. लाल पानांचं झाड, पण नाताळ सरला तशी पानं झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या. मामीनं ती कुंडी मामांपुढे आदळली. "वावर तर गेलं. आता एवढं तरी जगवा."

"फरदड घेऊ नोका म्हणून कृषीवाले बोंबलून राह्यले, अन् तू घरात फरदड घेऊन राह्यली काय?" कितीतरी दिवसांनी मामा एवढं बोलले. हंगाम सरल्यावरही पाणी देऊन कापसाची पऱ्हाटी उभी ठेवायची, ती फरदड. थोडा कापूस आणखी मिळतो, पण अळीही पोसली जाते. मामांनी या काड्यांनाही फरदडीसारखं पाणी पाजलं आणि मुळं कुजायला लागली. सिस्टरनी चांगलंच झापलं. मग मामांनी झाड वीतभर ठेवून छाटलं, माती बदलली, उन्हाळाभर सावलीत जपलं. पावसाळ्यात पानं आली, पण हिरवी. लाल व्हायची तर दसऱ्यापासून रोज संध्याकाळी अंधारात झाकायचं आणि सकाळी उघडायचं, असं सिस्टर म्हणाल्या. दिवस मावळला की मामा कोंबडी डालावी तशी धान्याची रिकामी पत्र्याची कोठी झाडावर पालथी घालायचे. लोक हसायचे. नाताळात झाड लालबुंद झालं आणि मामा गावभर बोलावून दाखवत सुटले.

परवा मामीला भेटायला गेले. झाडाचा विषय निघाला तशी ती शांतपणे म्हणाली, "मले त्या झाडाचं काय करा लागे, पोरी? संध्याकायी कोठी झाकली म्हंजे सकायी उघडाले मानूस उठनच, एवढंच मले पाह्यजे होतं... मी बाजीवर डोये मिटून पडून राहो. कोठी वाजली की मंग उठो."